नाथांच्या घरची चूल

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



दरवर्षी दत्तजयंतीच्या अंकासाठी मी काही ना काही लिहितो. कधी वाडीच्या वारीचा अनुभव, कधी गुरुचरित्राच्या सप्ताहातली एखादी आठवण. यंदा विषय मी शोधला नाही, नातीने दिला. गेल्या फेब्रुवारीत तिचा साखरपुडा झाला. त्याच महिन्यात १४ तारखेला ती आमच्याकडे आली, तर हातात लाल बदामाच्या आकाराचा केक. होणाऱ्या नवऱ्याने पाठवलेला. मोबाईलवर तिने आम्हाला लग्नाआधी काढून घेतलेले फोटोही दाखवले. एका जुन्या वाड्यात दोन दिवस राहून, चार वेळा कपडे बदलून काढलेले. खर्च ८५ हजार. मी म्हटलं, छान आहेत हो. छानच होते.

मग केक कापता कापता तिने सहज विचारलं, आबा, तुम्ही आजीला या दिवशी कधी काही दिलंत का? आणि लगेच दुसरा प्रश्न, तुमचं दोघांचं प्रेम होतं का हो? आमच्या लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली. मी हसून वेळ मारून नेली. आमच्या सौ. दूध उतू जाईल म्हणून आत निघून गेल्या. पण प्रश्न काही गेला नाही. संध्याकाळी देवळात आरतीला उभा होतो. दत्ताची जी आरती आपण रोज म्हणतो ती नाथ महाराजांची, हे सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटच्या कडव्यात शिष्याचं आणि गुरूचं नाव एकत्र गुंफलेलं येतं. इतकी वर्षं ते म्हणताना डोळे मिटायचो. त्या दिवशी मात्र मनात आलं की नाथांच्या घरात तिसरंही एक माणूस होतं. गिरिजाबाई. त्यांचं नाव आपण कधी घेतो?

म्हणून यंदा नाथ महाराजांचं चरित्र लिहायला बसलो आहे. चरित्र सर्वांना माहीत आहे, मी नवीन काही सांगणार नाही. फक्त यावेळी ते चुलीच्या बाजूने बघायचं ठरवलं.

नाथांचा जन्म १५३३ च्या सुमाराचा, गाव पैठण, गोदाकाठ. घराणं संत भानुदासांचं. विजयनगरला गेलेला पांडुरंग ज्यांनी पंढरीला परत आणला असं मानतात, ते भानुदास नाथांचे पणजोबा. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी दोघेही नाथ तान्हे असतानाच गेले. आजोबा चक्रपाणी आणि आजी यांनी पोराला वाढवलं. मी स्वतः आजोबा झाल्यापासून चरित्राच्या या पहिल्या पानावरच अडखळतो. लेक आणि सून गेल्यावर हाती राहिलेलं ते एकच मूल. आणि ते मूल वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास एके दिवशी कोणाला न सांगता घरातून निघून गेलं. गुरू शोधायला. आपण ते गुरुभक्तीचं उदाहरण म्हणून सांगतो, आणि ते आहेच. पण पैठणच्या त्या घरात रात्री दोन म्हातारी माणसं बसून राहिली असतील, हेही खरंच ना.

मुलगा पोचला देवगिरीला. तिथले किल्लेदार जनार्दनपंत, म्हणजे आपले जनार्दनस्वामी. निजामशाहीची चाकरी, हातात गडाचा कारभार, आणि उपासना दत्तप्रभूंची. गुरुवारी किल्ल्याच्या कामाला सुटी असे, असं सांगतात. त्या मुसलमानी राजवटीत एका किल्लेदाराने दत्ताच्या वारासाठी कचेरी बंद ठेवायची, यावरून त्यांचा अधिकार कळतो. स्वामी संसारीच होते. घर, नोकरी, हिशेब, फौज, सगळं सांभाळून गुरुपद. पुढचं सगळं समजायला ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

हिशेबातल्या एका पैच्या चुकीची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. नाथ रात्रभर दिव्याच्या उजेडात वह्या तपासत बसले, पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली, आणि ते पाहून स्वामींनी ओळखलं की हे चित्त आता मोठ्या चुकीच्या मागे लावावं. मी चौतीस वर्षं बँकेत कॅशियर होतो, त्यामुळे ही कथा मला फार जवळची. एकदा नव्वद रुपयांचा फरक निघत होता. फरकाला नवाने भाग गेला की कुठेतरी आकडे उलटसुलट पडलेत हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. तरी शोधायला रात्रीचे साडेदहा वाजले. ४५० च्या जागी ५४० लिहिलं गेलं होतं. घरी आलो तो विजयी वीरासारखा. ही न जेवता बसली होती. त्याची नोंद कुठल्याच वहीत झाली नाही.

असो. नाथांना दत्तदर्शन झालं ते याच काळात. मलंग फकिराच्या वेषात दत्तप्रभू आले, बरोबर कुत्रं, आणि जनार्दनस्वामींनी त्यांच्याबरोबर एकाच भांड्यात जेवण केलं. नाथ प्रथम बिचकले, ओळख पटली नाही. पुढे शूलिभंजनाच्या डोंगरावर अनुष्ठान झालं, मग गुरूंबरोबर तीर्थयात्रा झाली. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या बाजूला असताना गुरूंच्या आज्ञेने चतुःश्लोकी भागवतावर मराठीत पहिली रचना झाली. हे सर्व आपल्याकडे अनेकांनी सविस्तर लिहिलं आहे, म्हणून मी पुढे जातो.

गुरूंनी निरोप देताना काय आज्ञा केली? पैठणला जा, आजी-आजोबांची सेवा कर, लग्न कर, संसार कर. आपल्या दत्तसंप्रदायात यतिधर्माचं केवढं माहात्म्य! श्रीनृसिंहसरस्वतींपासून टेंबे स्वामींपर्यंत दंड-कमंडलूची परंपरा डोळ्यांपुढे उभी राहते. आणि इथे ज्याला साक्षात दत्तदर्शन झालेलं, वैराग्य ज्याच्या रोमरोमात भिनलेलं, अशा शिष्याला गुरू सांगतात की बायको कर. मला तर वाटतं, शूलिभंजनाच्या अनुष्ठानापेक्षा पुढचं हेच अनुष्ठान अवघड होतं. डोंगरावर निदान कोणी मध्येच येऊन मीठ संपलं म्हणून सांगत नाही.

इकडे चक्रपाणींनी नातवाचा शोध सोडलेला नव्हता. ते देवगिरीला जाऊन जनार्दनस्वामींचं पत्र घेऊन आले होते. हे पत्र जिथे हाती पडेल तिथेच थांबावं, अशी त्यात गुरूची आज्ञा. नाथ पैठणला आले, गावाबाहेर महादेवाच्या देवळात उतरले. आजोबांची गाठ पडली, पत्र दाखवलं, आणि नाथ जागच्या जागी थांबले. ज्या जागी पत्र मिळालं तिथेच राहते झाले. आजोबांनी प्रेमापोटी केलेली ही केवढी युक्ती! गुरूच्याच आज्ञेची दोरी करून त्यांनी पोराला घरी बांधून घेतलं.

मग गिरिजाबाई या घरात आल्या. त्यांच्याविषयी चरित्रकार दोन-चार विशेषणांवर भागवतात. सुशील, सात्त्विक, पतिव्रता. पण नाथांच्या कथा नीट ऐकल्या तर त्या जवळपास प्रत्येक कथेत आहेत. पुढे दिसत नाहीत इतकंच. नाथ दारात उभे असतात, त्या आत असतात. पैठणच्या त्या घराचं दार कोणाला बंद नव्हतं. विद्यार्थी, वारकरी, वाटसरू, पहाटे नदीवर जाणारे, रात्री कीर्तनाला येणारे. पुरणपोळीच्या ओढीने एक गावबा नावाचा मुलगा येऊन राहिला, तो घरचाच झाला. नाथांचं भावार्थ रामायण अपुरं राहिलं ते पुढे याच गावबाने पूर्ण केलं, हे आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. त्याला आधी कितीतरी वर्षं कोणीतरी पोळ्या करून वाढल्या होत्या. कारभार बघायला उद्धव होता, पाणी भरायला पुढे श्रीखंड्या आला, तरी चुलीपाशी बसण्याचं काम शेवटी एकाच माणसाचं.

पावसाळ्यातल्या त्या रात्रीची कथा मी पहिल्यांदा ऐकली ती लहानपणी, गावातल्या कीर्तनात. झड लागलेली. मध्यरात्री चार ब्राह्मण भिजून, कुडकुडत दाराशी आले. घरात कोरडं सरपण नाही. अंग शेकायला काही नाही, स्वयंपाकाला काही नाही. नाथांनी काय केलं, तर आपला निजायचा पलंग मोडला आणि त्याची लाकडं चुलीत घातली. कीर्तनकार इथे थांबून अतिथिधर्मावर बोलायचे. तेव्हा मला त्यात नाथांचं औदार्य तेवढं दिसलं. आता वाटतं, पलंग काही एकट्या नाथांचा नव्हता. लग्न होऊन आलेल्या बाईच्या घरात तिच्या म्हणाव्यात अशा वस्तू असतात किती? त्यातली एक मध्यरात्री कुऱ्हाडीने फुटताना पाहायची, आणि त्याच लाकडांवर उठून पिठलं-भात टाकायचा. कथेत त्यांनी विरोध केला असं कुठे येत नाही. विरोध नाही म्हणजे मूकपणे सोसणं, असंही मला वाटत नाही. त्याचं कारण पुढच्या कथेत आहे.

घरी श्राद्ध होतं. ब्राह्मणांसाठी स्वयंपाक तयार झाला. दाराशी नाथ वाट बघत उभे. तेवढ्यात त्या काळी अस्पृश्य मानलेल्या वस्तीतली काही माणसं, बायका, पोरं रस्त्याने चालली होती. पक्वान्नांचा वास आला. असं अन्न आपल्या नशिबी कुठलं, अशा अर्थाचं काही ती आपसात बोलली, आणि ते नाथांच्या कानावर पडलं. नाथांनी त्यांना बोलावलं. आणि गिरिजाबाईंनी, असं सांगतात, त्यांच्या घरच्या सगळ्यांनाच बोलवा म्हणून सुचवलं, पोट भरून जेवू द्या म्हणाल्या. पितरांसाठी केलेलं सगळं अन्न त्या माणसांच्या पानात गेलं. मग घर सारवलं, आंघोळी केल्या आणि पुन्हा चूल पेटली. ब्राह्मणांसाठी पहिल्यापासून दुसरा स्वयंपाक. तरीही ब्राह्मण रागावून आले नाहीत. शेवटी पितर स्वतः येऊन जेवले, ही कथा प्रसिद्ध आहे.

कथेतला चमत्कार पितर आले तो. पण ज्या कोणी घरी श्राद्धाचा स्वयंपाक केलाय तिला विचारा. वडे, खीर, भाज्या, कोशिंबिरी, चटण्या, सगळं सोवळ्यात, उपाशीपोटी. ते एकदा केल्यावर त्याच दिवशी पुन्हा करायला उठणं, तेही स्वतःच्या तोंडून सगळ्यांना बोलवा म्हणून! नाथांच्या मनात आलं आणि गिरिजाबाईंनी ते पुढे नेलं. दोघांचं मन एकाच दिशेला धावत होतं, आणि या कथेत तर त्या पाऊलभर पुढेच होत्या.

आणखी एक कथा. नाथांची शांती मोडून दाखवली तर पैसे देऊ असं गावातल्या काही टवाळांनी एका गरजू ब्राह्मणाला सांगितलं. बिचारा मुलाच्या मुंजीच्या पैशाच्या विवंचनेत होता. तो सरळ घरात शिरला आणि पूजेला बसलेल्या नाथांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथांनी त्याच्या प्रेमाचं कौतुक केलं आणि जेवायला थांबवून घेतलं. पानं वाढली. गिरिजाबाई तूप वाढायला वाकल्या तशी त्याने त्यांच्या पाठीवर उडी घेतली. नाथ बायकोला म्हणाले की सांभाळ, पाहुणा पडेल. आणि त्यांनी उत्तर दिलं की हरीला पाठीवर घेऊन काम करायची मला सवय आहे, याला कशी पडू देईन. हरी म्हणजे त्यांचा मुलगा.

ही कथा नाथांच्या शांतीची म्हणून सांगतात. खरं सांगायचं तर मला ती ऐकताना नेहमी अवघडल्यासारखं व्हायचं. माझ्या घरी कोणी असं केलं असतं तर मी त्याला शांतपणे बाहेर काढलं नसतं, आणि आमच्या सौं.नीही तूप वाढलं नसतं. अपमान झाला तो नाथांपेक्षा त्यांचा जास्त. पण नाथांना खात्री होती की ही काय म्हणेल, आणि त्यांनाही कळलं की यांना काय हवंय. एकाने अर्धं वाक्य टाकावं, दुसऱ्याने ते झेलावं, आणि मध्ये तो लाजलेला माणूस सुखरूप खाली उतरावा. त्या ब्राह्मणाने पाय धरले म्हणतात. माझ्या नातीने विचारलं होतं ते प्रेम मला या कथेत दिसलं. एकमेकांना काही देण्याचा इथे प्रश्नच नाही. दोघं मिळून तिसऱ्याला देतायत, आणि देताना एकमेकांकडे बघायचीही गरज पडत नाही.

नाथ शुष्क वेदांती होते असं मात्र कोणी समजू नये. प्रेमकथा त्यांनीही लिहिली आहे, आणि ती अजून घरोघर वाचली जाते. रुक्मिणी स्वयंवर. शके १४९३ मध्ये, म्हणजे १५७१ साली, काशीला हा ग्रंथ पूर्ण झाला. अठरा प्रसंगांचा. लग्न जमावं म्हणून मुलींनी त्याचं पारायण करायची आपल्याकडे पद्धत आहे. आमच्या सौं.नीही केलं होतं, आणि फळ म्हणून मी मिळालो. यावर त्या काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

त्या कथेत रुक्मिणीने कृष्णाला पाहिलेलंच नाही. माहेरी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडून त्याचे गुण ऐकले आणि मन ठरलं. आणि मग तिने पत्र लिहून घ्यायला बोलावलं. नाथांनी ती कथा सांगताना लग्नाचा थाट अगदी आपल्या मराठी घरातल्यासारखा रंगवला आहे. मानपान, रुसवेफुगवे, विहिणी, हळद, सगळं. लग्नघरात उभं राहून बारकाईने पाहिल्याशिवाय असं लिहिता येत नाही. आणि तेच सांगता सांगता नाथ हळूच दाखवून देतात की हे जिवाचं आणि शिवाचं लग्न आहे. म्हणजे नवरा-बायकोच्या प्रेमाची त्यांना लाज वाटली नाही. उलट देवाच्या प्रेमाची गोष्ट सांगायला त्यांना तेच जवळचं वाटलं.

दोनच वर्षांनी, शके १४९५ मध्ये, काशीलाच नाथांचं भागवत पूर्ण झालं. मराठीत भागवत लिहिलं म्हणून तिथल्या पंडितांनी आधी विरोध केला आणि मग त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. माउलींच्या नंतर जवळपास तीनशे वर्षांनी. तेवढं एकच काम केलं असतं तरी नाथांचे उपकार फिटले नसते.

आता थोडं माझं. लिहायला संकोच वाटतो, पण वाचक बहुतेक माझ्याच वयाचे आहेत, समजून घेतील. गेली चाळीस वर्षं दत्तजयंतीचा सप्ताह आमच्या देवळात होतो आणि बाहेरगावच्या मंडळींची जेवणं आमच्याकडे असतात. कीर्तनकार, तबलजी, पारायणाला बसलेले. मी देवळातूनच निरोप पाठवायचो, आठ पानं वाढव. कधी अकरा. एकदा रात्री साडेनऊला सात जणांना घेऊन घरी गेलो, आधी न कळवता. धाकटा त्या दिवशी तापाने फणफणला होता, हे मला दारात गेल्यावर कळलं, कारण सकाळपासून मी घरी फिरकलोच नव्हतो. ती काही बोलली नाही. पोराच्या कपाळावर पट्टी ठेवली आणि कुकर लावला. मंडळी जेवून तृप्त झाली. जाताना त्यांनी माझे हात हातात घेतले, म्हणाले की तुमची सेवा दत्तप्रभूंच्या चरणी रुजू झाली. मी मान डोलावली. गेल्या वर्षी देवळाने त्याच सेवेबद्दल माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. मी भाषणात देवळाचे, विश्वस्तांचे, कीर्तनकारांचे आभार मानले. ही पहिल्या रांगेत, गुडघेदुखीमुळे खुर्चीवर बसली होती. घरी आल्यावर शाल घडी घालून कपाटात तिनेच ठेवली.

नाथांच्या आणि माझ्यात फरक हा, की नाथ बाहेरून पाहुणा आणत तेव्हा त्यांना आतलं माहीत असे. सरपण ओलं आहे हे त्यांना ठाऊक होतं. पलंग त्यांनी स्वतः फोडला. मी नुसता निरोप पाठवला.

नाथांच्या संसारातला सगळ्यात कठीण प्रसंग बाहेरच्यांनी आणला नाही, घरातूनच आला. मुलगा हरिपंडित मोठा विद्वान निघाला, संस्कृतात पारंगत. त्याला वडिलांचं मराठीतलं कीर्तन-पुराण कमीपणाचं वाटे. वाटेल त्याच्या घरी जेवणं तर अजिबात पसंत नव्हतं. शेवटी तो घर सोडून बायकामुलांसह काशीला निघून गेला. ज्या बापाने लहानपणी आजोबांना न सांगता घर सोडलं, त्याच्याच घरातून मुलगा निघून गेला. चरित्रकार या दोन गोष्टी जोडत नाहीत. मला जोडल्याशिवाय राहवत नाही.

नाथ काशीला जाऊन त्याला आणायला गेले. मुलाने अटी घातल्या. मराठीत पुराण सांगायचं नाही आणि परान्न घ्यायचं नाही. ज्या दोन गोष्टींवर नाथांचं सगळं आयुष्य उभं होतं, नेमक्या त्याच. आणि नाथांनी हो म्हटलं. मी या जागी पुष्कळदा थांबलो आहे. काशीच्या पंडितांपुढे जे झुकले नाहीत ते मुलापुढे झुकले. काहींना हा नाथांचा कमकुवतपणा वाटतो. मला वाटतं, घरी गिरिजाबाई होत्या. मुलगा काशीला आणि नवरा पैठणला, अशा घरात त्यांनी किती दिवस स्वयंपाक केला असेल कोण जाणे. ग्रंथ लिहून झाले होते, ओव्या लोकांच्या तोंडी गेल्या होत्या. नाथांनी गप्प बसणं पत्करलं आणि मुलगा घरी आणला.

पुढे हरिपंडित पुराण सांगू लागला, तशी ऐकायला येणारी माणसं कमी होत गेली. मग ती बाई आली. तिने हजार ब्राह्मण जेवू घालण्याचा संकल्प केला होता, पण गरिबी आली आणि तो राहून गेला. एका ब्रह्मज्ञान्याला जेवू घातलं तर हजारांचं पुण्य, असं कोणीतरी तिला सांगितलं, म्हणून तिने नाथांना बोलावलं. परान्न न घेण्याची अट होती, तेव्हा हरिपंडिताने स्वतः तिच्या घरी जाऊन स्वयंपाक केला. नाथ जेवले. नाथांनी मुलालाच उष्टी पत्रावळ उचलायला सांगितली. एक उचलली तर खाली दुसरी, ती उचलली तर तिसरी. अशा हजार झाल्या. हरिपंडिताचा अभिमान गळाला आणि नाथांचं मराठी कीर्तन पुन्हा सुरू झालं.

हजार पत्रावळींचा चमत्कार मोठाच. पण मला त्याआधीची गोष्ट गोड वाटते. त्या विद्वान मुलाला बापासाठी चुलीपुढे बसावं लागलं. धुरात डोळे चोळत पोळी भाजावी लागली, वाढावं लागलं, उष्टं काढावं लागलं. आईने जन्मभर जे केलं ते त्याने एक दिवस केलं.

शके १५२१ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. ही षष्ठी जनार्दनस्वामींच्या आयुष्यातही फार मोठी, त्यांच्या पुण्यतिथीचीही हीच तिथी. त्या तिथीला पैठणला लाखो वारकरी लोटतात.

यंदा नाथषष्ठीच्या दोन दिवस आधी आम्ही पैठणला गेलो. नातच गाडी घेऊन आली, तिची हौस. गावातल्या नाथांच्या वाड्यात तो रांजण आहे, श्रीखंड्या ज्यात पाणी भरायचा तो. बारा वर्षं भगवंताने नोकर होऊन त्या घरी कावडीने पाणी वाहिलं. तुकाराम बीजेपासून भाविक गोदावरीचं पाणी आणून त्यात ओततात, आणि रांजण भरून वाहू लागला की देव आला असं मानतात. हिला एक घागर स्वतःच्या हाताने ओतायची होती. पण गुडघे. नदीवरून तिला पाणी आणणं शक्यच नव्हतं.

तेव्हा घागर मी आणली. वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, जन्मात पहिल्यांदा घरात खांद्यावर पाणी घेऊन आलो. निम्मं धोतरावर सांडलं. ही वाड्याच्या पायरीवर गुडघा धरून बसली होती, मला तसं येताना बघून तोंडाला पदर लावून हसत होती. मग उठली. तिच्या मनगटातही आता जोर नाही, म्हणून घागरीचा काठ दोघांनी धरला आणि पाणी ओतलं. रांजण काही भरला नाही. मागे बायकांची रांग होती, त्या पुढे सरका म्हणून घाई करत होत्या.

नातीने तेवढ्यात फोटो काढला. तिने तो मोठा करून पाठवलाय, देवघराजवळ लावला आहे. त्यात आम्ही दोघंही कॅमेऱ्याकडे बघत नाही, एकमेकांकडेही नाही. दोघंही वाकून रांजणात बघतोय, पाणी कुठवर आलंय ते.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥